बोट पाचावर, कान उत्तराकडे

पहाटे ५.४५

माझा दिवस सेल तपासण्यापासून सुरू होतो. बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरचा सेल उतरायला लागला की आवाज आधी घोगरा होतो, मग शब्दांची शेवटची अक्षरं गिळतो. डोळस माणसाला पडद्यावरचे आकडे फिके पडलेले दिसतात आणि तो सेल बदलतो. माझ्या विद्यार्थ्याला मात्र यंत्र 'फिफ्टीन' म्हणालं की 'फिफ्टी' हेच कळेनासं होतं आणि बसल्या जागी पंधराचे पन्नास होतात. म्हणून नवापूरच्या घरातून निघण्याआधी मी प्रत्येक यंत्रावर पंधरा आणि पन्नास दाबते आणि कान लावून ऐकते. शेजाऱ्यांना वाटतं, आमच्याकडे भल्या पहाटे इंग्रजीची शिकवणी चालते.

पिशवीत मग एकेक वस्तू जाते. दोन बोलणारे कॅल्क्युलेटर, मोठ्या आकड्यांचा एक न बोलणारा, इअरफोन, टेलर फ्रेम आणि तिच्या टाइपांची थैली, अबॅकस, ब्रेल पाटी आणि स्टायलस, चिंचोक्यांची पुरचुंडी, उठावाच्या आकृत्या काढायला रबराची चटई आणि शिंप्याकडे असतं ते दातेरी चाक. यात कॅल्क्युलेटर सगळ्यात हलका, आणि शाळेत पोचल्यावर सगळ्यांना आधी तोच बघायचा असतो.

मी समग्र शिक्षा योजनेतली विशेष शिक्षिका. दृष्टिबाधित मूल गावातल्याच शाळेत, इतर मुलांच्याच बाकावर बसतं आणि शिक्षिका त्याच्याकडे जाते, अशी ही व्यवस्था. पूर्वी दृष्टिबाधित मुलाला शिकवायचं म्हणजे लांबच्या वसतिगृहात पाठवायचं. दादरची अंध मुलांची शाळा १९०० सालची, पुण्याची १९३४ची. त्या शाळांनी पिढ्या घडवल्या. पण नवापूर तालुक्यातल्या पाड्यावरून सात वर्षांची मुलगी मुंबईला कोण पाठवणार? १९७४मध्ये केंद्र सरकारने एकात्म शिक्षणाची योजना आणली, पुढे तिची नावं आणि रूपं बदलत गेली, आणि आता ती २०१८पासून समग्र शिक्षेत सामावली आहे. नाव कोणतंही असो, काम तेच. पिशवी उचलायची आणि मुलाच्या शाळेत जायचं.

सकाळी ७.४०

अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेलं आमचं नवापूरचं स्टेशन पाहायला लोक मुद्दाम येतात. आम्हाला त्याचं अप्रूप नाही. सुरत-भुसावळ मार्गावर मध्ये चिंचपाडा लागतं, मग खांडबारा. गाडी चुकली तर महामार्गाने विसरवाडी आणि तिथून खांडबाऱ्याचा रस्ता. जानेवारीचे दिवस आहेत, खिडकीतून गारठा आत येतो. शेतात तुरी काढून झाल्यात, खळ्यांवर झोडपणी चालू आहे. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण पाड्यावरच्या शेतकऱ्याला गोणीला काय मिळालं याचा हिशेब त्याचा त्यालाच करावा लागतो. संध्याकाळी मला तोच हिशेब बघायचा आहे.

सकाळी ९.४५

खांडबारा परिसरातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवीतला मुलगा जन्मापासून पाहू शकत नाही. डोकं तल्लख आहे आणि घरातला बटणांचा मोबाइल तोच चालवतो. कोणाला फोन लावायचा असेल तर आजी त्याच्या हातात मोबाइल देते, कारण घरातल्यांचे सगळे नंबर त्याच्या बोटांत आहेत.

आज त्याला पहिल्यांदा बोलणारा कॅल्क्युलेटर दिला. अबॅकसवर तीन अंकी बेरीज-वजाबाकी न अडखळता येईपर्यंत तो द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. त्याने यंत्र दोन्ही बाजूंनी चाचपलं, पाचाच्या बटणावरचा बारीक उंचवटा लगेच सापडला आणि चेहरा खुलला. त्याच्या मोबाइलवरही पाचावर तसाच उंचवटा आहे.

"एकशे सत्तेचाळीस दाब," मी म्हटलं.

डावा उभा रकाना धरून तो वरून खाली आला. एक, चार, सात. यंत्र म्हणालं, "सेव्हन, फोर, वन."

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"मॅडम, हे यंत्र उलटं बोलतं."

यंत्र बरोबरच बोलत होतं आणि मुलगाही आपल्या परीने बरोबरच होता. फोनवर एक-दोन-तीन वरच्या ओळीत असतात. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत सात-आठ-नऊ असतात आणि एक-दोन-तीन खाली. डोळस माणूस आयुष्यभर दोन्ही वापरतो आणि हा फरक त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण तो आकडा बघून दाबतो. बोटांनी जागा पाठ करणाऱ्याला मात्र ही अख्खी मांडणी नव्याने बसवावी लागते. मधली ओळ तेवढी दोन्हीकडे सारखी, म्हणून तिथूनच सुरुवात करायची. बोट पाचावर. पाचाच्या डोक्यावर आठ, पायाशी दोन. मग डावीकडे सरकायचं, मग उजवीकडे.

अर्ध्या तासात त्याची बोटं बसली. मग मी दुसरा नियम सांगितला. 'बरोबर'चं बटण दाबण्याआधी उत्तराचा अंदाज तोंडाने सांगायचा. ३८ अधिक ४५ दाबलं की थांबायचं. "ऐंशीच्या वर, नव्वदच्या खाली," तो म्हणाला. मग बटण. "एटी-थ्री." खूश झाला. पुढच्या गणितात ३८ऐवजी ८३ दाबलं गेलं आणि यंत्र म्हणालं, "वन हंड्रेड ट्वेंटी-एट." तो लगेच म्हणाला, "चुकलं काहीतरी. माझं की याचं?"

हा प्रश्न त्याला पडावा, एवढ्यासाठीच अंदाजाचा नियम आहे. अंदाज न करता बटण दाबणारं मूल यंत्र म्हणेल ते लिहून मोकळं होतं.

सकाळी ११.१५

त्याच शाळेतली तिसरीतली मुलगी. तिला अल्पदृष्टी आहे. वही नाकाला टेकवून वाचते, पण वाचते. तिला बोलणारं यंत्र देण्याची घाई केली तर आहे ती नजर वापरण्याची सवय मोडते. तिला मोठ्या, ठळक आकड्यांचा कॅल्क्युलेटर, जाड रेघांची वही, काळं स्केचपेन आणि खिडकीकडे पाठ करून बसायला पहिला बाक. दृष्टिबाधित म्हटलं की लोकांना काळोखच आठवतो. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांना थोडं, धूसर किंवा नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. कोणाला डोळ्यांनी, कोणाला कानांनी, कोणाला बोटांनी शिकवायचं, हे ठरवणं हाच आमच्या कामातला अवघड भाग. वस्तू वाटणं सोपं असतं.

दुपारी १२.३०

पोषण आहाराची खिचडी झाली आणि शिक्षकखोलीत रोजचा वाद निघाला. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही यंत्र देता, मग तो पाढे कशाला पाठ करेल? बाकीच्या मुलांना मी कॅल्क्युलेटरला हात लावू देत नाही."

सरांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. मी टेलर फ्रेम काढून त्यांच्यापुढे ठेवली. अष्टकोनी भोकांची पाटी, आणि भोकात बसणारे धातूचे चौकोनी टाइप. टाइपाच्या एका टोकाला उभी रेघ असते, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. अष्टकोनात तो आठ दिशांनी बसतो, म्हणजे दोन टोकं मिळून सोळा चिन्हं. दहा आकडे आणि गणिताच्या खुणा त्यात बसतात.

"डोळे मिटा आणि यावर ४७६ला ८ने गुणा."

सर हाडाचे शिक्षक. त्यांनी खरंच डोळे मिटले. पहिला टाइप बसवायला वेळ गेला. हातचा कुठे ठेवला ते विसरले. मांडलेलं वाचायला बोट फिरवलं तर एक टाइप निसटून टेबलाखाली गेला. गणित पूर्ण झालं, उत्तरात दशकाचा आकडा चुकला होता.

"चूक कुठे झाली ते सांगा," मी म्हटलं. सरांनी डोळे उघडून पाहिलं.

"बघायचं नाही. बोटांनी शोधा."

मग सरांच्या लक्षात आलं. वहीवर गणित करणारं मूल एका नजरेत वरची ओळ, खालची ओळ, हातचा, सगळं पुन्हा पाहतं. टेलर फ्रेमवर चूक शोधायची म्हणजे सगळं गणित बोटांनी पहिल्यापासून वाचायचं. बहुतेक मुलं त्यापेक्षा शेजारच्याला किंवा शिक्षकांना विचारतात, "बरोबर आहे का?" वर्षानुवर्षं असं विचारत राहिलं की मुलाला वाटायला लागतं, आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे नेहमी दुसऱ्यानेच सांगायचं असतं. बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरचं खरं मोल इथे आहे. केलेलं गणित दुसऱ्याला न विचारता स्वतःचं स्वतः तपासता येतं. शिवाय प्रत्येक बटण दाबल्याबरोबर आकडा ऐकू येतो, म्हणजे बोट चुकलं तर ते तिथल्या तिथेच कळतं.

"हे नवीनच निघालंय का?" सरांनी विचारलं.

नवीन नाही. बर्कलीत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या फॉरेस्ट मोझर यांच्याकडे १९७०च्या सुमारास त्यांच्याच एका अंध विद्यार्थ्याने बोलणारा कॅल्क्युलेटर बनवायला मदत मागितली. मोझर यांनी त्यावर काही वर्षं घालवली आणि मानवी आवाज चिपमध्ये साठवण्याची रीत शोधून काढली. ती वापरून टेलिसेन्सरी सिस्टिम्स या कंपनीने १९७६मध्ये हातात मावणारा 'स्पीच प्लस' बाजारात आणला. त्याचा शब्दसाठा होता अवघा २४ शब्दांचा आणि किंमत ३९५ डॉलर. पुढे बोलणारी खेळणी आणि बोलणारे खेळ आले, पण चिपवरचा हा आवाज आधी बोलला तो अंध विद्यार्थ्यांच्या आकडेमोडीसाठी. सर म्हणाले, "म्हणजे पोराने मागितलं म्हणून झालं." हो. आणि प्राध्यापकाने मनावर घेतलं म्हणून.

दुपारी १.३०

माध्यमिक शाळा. दहावीचा विद्यार्थी आणि तोंडावर आलेली बोर्डाची परीक्षा. 'गणित झेपणार नाही, सवलतीत सातवीचं अंकगणित घे,' असं याला एकदा नव्हे, अनेकदा सांगून झालं आहे. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ती सवलत चांगली. याला बीजगणित आवडतं. त्याने हट्टाने पूर्ण गणित घेतलं आहे.

आज 'अर्थनियोजन'. करपात्र किंमत १२,५०० रुपये, जीएसटी १८ टक्के. केंद्राचा कर नऊ टक्के, राज्याचा नऊ टक्के. त्याने आधी तोंडाने केलं. दहा टक्के १,२५०, त्यातून एक टक्का १२५ वजा, राहिले १,१२५. दोन्हीकडे तेवढेच. एकूण १४,७५०. मग यंत्रावर तपासलं. इअरफोन कानात घालूनच, कारण यंत्र मोठ्याने बोलू दिलं की सगळा वर्ग कान टवकारतो आणि मागच्या बाकांवर फुकटात उत्तरं पोचतात.

मग सांख्यिकी. एका भागाकाराचं उत्तर आलं ३३.३३३३३३. डोळस माणूस ते पाहतो आणि दुसऱ्या घरावर सोडून देतो. यंत्र मात्र 'थर्टी-थ्री पॉइंट थ्री थ्री थ्री' करत शेवटपर्यंत म्हणत राहतं आणि ऐकणाऱ्याला सगळं ऐकावं लागतं. तेवढ्यात आधी डोक्यात धरलेली बेरीज निसटते. म्हणून आम्ही ठरवलं आहे की मधली उत्तरं डोक्यात ठेवायची नाहीत. एक तर यंत्राच्या मेमरीत टाकायची, नाहीतर ब्रेल पाटीवर दोन टोचण्यांत नोंदवायची. दुसरा अंक ऐकला की पुढचं बटण दाबून यंत्राला गप्प करायचं, हे त्याने स्वतःच शोधून काढलं.

खरी गंमत पुढे झाली. त्याच्याजवळ साधा बोलणारा कॅल्क्युलेटर आहे आणि वडिलांचा स्मार्टफोनही आहे. फोनवर टॉकबॅक चालू केलं की फोनमधला कॅल्क्युलेटरही बोलतो. त्याने दोन्हींवर २ + ३ × ४ दाबलं. यंत्र म्हणालं वीस. फोन म्हणाला चौदा.

"मॅडम, कोण खोटं बोलतंय?"

"कंचेभागुबेव म्हण."

त्याने म्हटलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मग स्वतःच उलगडा केला. साधं यंत्र येईल तसं करत जातं. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. त्याला पदावली कळत नाही. फोन गुणाकार आधी करतो. "म्हणजे या साध्याला पुढचं ऐकेपर्यंत दम धरवत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच पदावली तुलाच सोडवायची आहे, त्याला फक्त एकेक पायरी द्यायची.

फोनचा आवाज त्याने मराठी ठेवला आहे. त्याचीही एक अडचण आहे. फोन म्हणतो 'सत्तेचाळीस'. कानावर सात आधी पडतात, चाळीस नंतर, आणि बोटांना दाबायचे असतात आधी चार, मग सात. ऐकून दुसरीकडे उतरवताना ४७चे ७४ होतात. इंग्रजी आवाजात कानाचा आणि बोटाचा क्रम एकच राहतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की लहान मुलं नेमकी इथेच अडखळतात. माझ्या या विद्यार्थ्याच्या घरात मावची बोलतात, शाळेत मराठी आणि यंत्र बोलतं इंग्रजी. त्याने आपली वाट काढली आहे. रक्कम तपासताना इंग्रजी आवाज, आईला सांगताना मराठी फोन.

दुपारी ३.३०

मुख्याध्यापकांच्या खोलीत कागदपत्रं. परीक्षेत हे यंत्र चालेल का, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी उशिरा येतो.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१८मध्ये दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बोलणारा कॅल्क्युलेटर, टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, अबॅकस, भूमितीची पेटी यांची नावं आहेत. पण बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरपुढे कंसात एक अट आहे. ज्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो, तिथेच. तेवढ्या कंसासाठी आयत्या वेळी केंद्रावर वाद नको, म्हणून मी शाळेला सांगते की मंडळाकडे आधीच, लेखी विचारा. आमचं विभागीय मंडळ नाशिकला. मिळालेल्या उत्तराची प्रत मुलाच्या हातात असली पाहिजे. आणि परवानगी नाही मिळाली तर? तर अबॅकस आणि टेलर फ्रेम आहेतच. बोटं त्यांच्यावर तयार आहेत म्हणून मी निर्धास्त आहे. यंत्रावर विसंबलेलं मूल त्या दिवशी उघड्यावर पडलं असतं.

बाकीच्या सोयी पक्क्या आहेत. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे दोन तासांच्या पेपराला दोन तास चाळीस मिनिटं. लेखनिक खालच्या इयत्तेतला, म्हणजे नववीचा. लेखनिकाने प्रश्न वाचायचा आणि सांगितलेलं लिहायचं, हिशेब करायचा नाही. वेगळी खोली, कारण हा बोलून सांगणार. लेखनिकासोबतचा सराव मात्र कोणी लक्षात घेत नाही. 'एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा' तोंडी सांगताना वर्ग कुठे संपतो हे दोघांचं आधी ठरलेलं हवं. आज मी मुख्याध्यापकांकडून त्यासाठी आठवड्याला दोन तासिका मागून घेतल्या.

दुसरा कागद साधनांचा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १७मध्ये लिहिलं आहे की चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि साहाय्यक साधनं अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत विनामूल्य द्यायची. म्हणून आधी प्रमाणपत्र, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मग शिबिरात तपासणी आणि मागणी. यातला एक कागद राहिला की साधन वर्षभर पुढे जातं. पाड्यावरच्या मुलांचं प्रमाणपत्र बहुतेक वेळा अडतं ते जिल्ह्याच्या रुग्णालयात जायच्या दिवशी आईवडील ऊसतोडीला गुजरातेत असल्यामुळे. म्हणून माझ्या वहीत मुलांच्या नावांपुढे घरची माणसं कधी गावात असतात तेही लिहिलेलं असतं.

संध्याकाळी ५.१५

सातवीतली मुलगी पाड्यावर राहते. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. अंगणात तुरीच्या काड्यांचा ढीग, एका बाजूला रिकामी बारदानं. तिच्या आईने चहा ठेवला आणि मागच्या वेळचाच प्रश्न पुन्हा विचारला, "मॅडम, यंत्रच सगळं गणित करतं, तर पोरगी काय शिकली?"

वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, कालच तूर विकली होती. व्यापाऱ्याची चिठ्ठी खिशात होती. मी मुलीला म्हटलं, "भाऊंना विचार आणि हिशेब कर. मी चिठ्ठी बघून ठेवते, बोलणार नाही."

तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. गोण्या किती? सात. काट्यावर वजन किती भरलं? तीन क्विंटल सत्तेचाळीस किलो. बारदानाचं किती कापलं? गोणीमागे एक किलो. भाव? क्विंटलला सात हजार दोनशे. हमाली? गोणीला दहा.

क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "क्विंटलला सात हजार दोनशे म्हणजे किलोला बहात्तर."

हे तिला यंत्राने सांगितलं नाही. यंत्राला क्विंटल माहीत नाही, गोणी माहीत नाही, कशातून काय वजा करायचं हेही माहीत नाही. मग तिने यंत्र घेतलं. बोट पाचावर. ३४७ वजा ७, तीनशे चाळीस. गुणिले ७२. दाबण्याआधी थांबली. "तीनशे चाळीस सत्तर म्हणजे तेवीस हजार आठशे. त्याच्या थोडं वर." बटण दाबलं. यंत्र इंग्रजीत बोललं, तिने मराठीत सांगितलं, "चोवीस हजार चारशे ऐंशी." हमालीचे सत्तर वजा. "चोवीस हजार चारशे दहा."

मी चिठ्ठी तिच्या वडिलांना दिली. चिठ्ठीवर तीच रक्कम होती.

व्यापाऱ्याने फसवलेलं नव्हतं. पण फसवलेलं नाही हे कालपर्यंत त्यांना फक्त वाटत होतं, आज कळलं. भाऊंनी पैसे पुन्हा मोजले नाहीत, चिठ्ठी घडी करून ठेवली. मुलीला म्हणाले, "पुढच्या खेपेला तू काट्यावर चल." आई चहा गाळत होती, ती म्हणाली, "गर्दीत तिला कुठे नेता?" त्यावर दोघांचं जुंपलं. मुलगी मात्र पुढच्या हिशेबात होती. गोणीमागे किलो कापतात, पण बारदान खरंच किलोभर असतं का? रिकामी बारदानं अंगणातच होती. शाळेच्या काट्यावर उद्या एक वजन करून बघायचं तिने ठरवलं.

पैशांची गोष्ट निघालीच होती, म्हणून मी तिला वीस रुपयांचं नाणं हातात दिलं. २०१९मध्ये आलेलं हे नाणं बारा कडांचं आहे, बोटाला कडा लागतात आणि दहाच्या नाण्यापासून ते लगेच वेगळं ओळखता येतं. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे ॲप २०२०पासून आहे. फोनच्या कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ती कितीची ते बोलून सांगतं. हिशेब येतो, पण हातात आलेली नोट दुसऱ्याला विचारावी लागते, असं अर्धवट राहायला नको. तिच्या वडिलांच्या फोनवर ते उतरवून दिलं.

रात्री ८.३०

घरी पोचून दैनंदिनी लिहिली. पाचवी: कॅल्क्युलेटरची मांडणी बसली, फोनशी होणारा गोंधळ ओळखतो, आठवडाभर दोन अंकी सराव, अंदाज सक्तीचा. तिसरी: मोठ्या आकड्यांचं यंत्र वर्गात ठेवलं, बाक बदलला. दहावी: मंडळाकडे पत्र, लेखनिकासोबत आठवड्याला दोन तासिका. सातवी: बारदानाचं वजन, नाणी-नोटा सुरू. एका यंत्राचा आवाज बसला आहे, सेल बदलूनही खरखर जात नाही, ते दुरुस्तीला.

नऊच्या सुमारास गणिताच्या सरांचा फोन आला. दुपारचा टाइप त्यांच्या मनातून गेला नव्हता.

"मॅडम, उद्या पाचवीची चाचणी घेतोय. पोराला यंत्र वापरू देतो, पण माझी अट आहे. आधी अबॅकसवर सोडवायचं, उत्तर सांगायचं, मग यंत्रावर तपासायचं. चूक सापडली तर पुन्हा सोडवायला पाच मिनिटं."

मी म्हटलं, हीच माझीही अट आहे. फक्त ती पाच मिनिटं त्याला एकट्याला दिली तर बाकीची मुलं कुरकुर करतील.

"त्यांनाही देणार आहे," सर म्हणाले. "एवढी वर्षं शिकवतोय, ही डोळस पोरं तरी पेपर देण्याआधी कुठे तपासतात?"